अक्काच्या गळ्यातली देवी

"मामा, ती गेली..." सुनंदाचा फोन आला तेव्हा मी नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटवर बसून एका व्यापाऱ्याला माझ्या मालाची तारीफ ऐकवत होतो. टोमॅटोंनी ऐकली असती तर लाजून आणखी लाल झाले असते, अशी तारीफ. फोन ठेवला आणि तोंडातलं वाक्य तोंडातच राहिलं. माझ्या बाबतीत असं पूर्वी कधी झालं नव्हतं. अक्का गेली. माझी थोरली बहीण. दुपारी जेवली, डिंगोरे गावच्या घरात जरा आडवी झाली आणि उठलीच नाही. पण खरं सांगतो, ती गेल्याच्या धक्क्याआधी मला तो शब्दच टोचला. सुनंदा 'आई गेली' असं म्हणाली नाही. 'ती' म्हणाली. जन्मभर जिला आई म्हणून हाक मारली, तिला ही पोरगी गेलं वर्षभर कुठल्याच नावानं हाक मारत नव्हती. का, ते मला आणि जुन्नरच्या एका सराफाला ठाऊक आहे. आता तुम्हालाही सांगतो, सुनंदाच म्हणाली, "लिही मामा." जुन्या पोकळ दागिन्यात लाख भरतात तशी माझ्या बोलण्यातही थोडी भरलेली असते. वजन करताना तेवढी वजा करून घ्या.

जुना दागिना घ्यायचा तर अक्काला सोबत न्यायचं, हा जुन्नर-आंबेगावातला अलिखित कायदा होता. लग्नसराईत तिला न्यायला दारात गाड्यांची अशी रांग लागायची की ओझरच्या विघ्नहराला चतुर्थीला लागत नसेल. नवीन दागिना डोळ्यांनी घ्यावा, जुना बोटांनी, असं ती म्हणायची. मंचरला एका दुकानात तिनं नथीचा मोती सरळ दातावर घासला. दुकानदार ओरडला, "अहो मावशी, खाताय काय?" अक्का म्हणाली, "खरा मोती दाताला कचकच लागतो, पावणं. तुमचा तर लोण्यावानी सरकतोय. चाखून बघा की!" मग ठुशी उलटी करून रेशमाचा गोंडा बघायचा, कडी आतून किती झिजली ते बघायचं, सांध्याला डाग कुठं दिलाय ते चाचपायचं. "पुढून समद्याच देखण्या असत्यात, बाळू. आधी पाठ बघ," हे तिनं मला बायको बघायला जातानाही सांगितलं होतं. आणि सगळं पसंत पडलं की एक शेवटचा प्रश्न... "कुणाच्या अंगावरचं हाय?" दुकानदाराला सांगता आलं नाही, तर अक्का उठायची. हातातला चहा तसाच ठेवून उठायची.

स्वतःच्या गळ्यात मात्र तिच्या, मंगळसूत्र सोडलं तर, एकच काळा दोरा. तो चोळीच्या आत जायचा आणि पुढं काय आहे ते कुणाला दिसायचं नाही. सुनंदानं लहानपणी एकदा ओढून पाहिला होता. सोन्याचा चपटा पत्रा, त्यावर हात जोडून उभी असलेली बाई. अक्कानं झटक्यानं तो आत टाकला आणि म्हणाली, "देवी हाय. हात लावायचा नसतो." ते काही देवीबिवी नव्हतं. आमच्याकडं पहिली बायको वारली आणि नवऱ्यानं दुसरी केली, की दुसरीनं पहिलीचा टाक करून गळ्यात घालायचा. रोज आंघोळ झाल्यावर आधी तिला हळदकुंकू, मग आपल्या कपाळाला. नाहीतर पहिली रुसते, संसारात विघ्न आणते. त्याला सवतीचा टाक म्हणतात. माझी अक्का दुसरेपणाची होती. आणि सुनंदा तिच्या पोटची नव्हती, पहिलीची होती. दाजी पाटबंधारे खात्यात, दूर बदलीच्या गावी. तिथंच पहिली बाळंतपणात गेली. पोरीच्या तोंडाला दुधाची बाटली लावतच अक्कानं संसार सुरू केला. पुढं तिची स्वतःची कूस काही उजवली नाही. दाजी नोकरी संपवून डिंगोऱ्याला आले तेव्हा अक्कानं भावकीतली एकेक बाई गाठून ग्रामदेवतेची शपथ घातली, पोरीला कळू द्यायचं नाही. ज्या गावात शेजारच्या आमटीत मीठ जास्त झालेलं वेशीपर्यंत कळतं, त्या गावानं हे गुपित आयुष्यभर गिळून ठेवलं. सुनंदा सोडून सगळ्यांना माहीत होतं. दाजी गेले, तरी अक्कानं तो दोरा काढला नाही.

गेल्या वर्षी सुनंदाच्या लेकीचं, मयूरीचं लग्न ठरलं. सुनंदा पुण्याला असते. तिकडं जुन्या दागिन्यांची प्रदर्शनं भरतात. तिथल्या विक्रेत्यानं तिला एक पेंडंट पसंतीसाठी दोन दिवस घरी न्यायला दिलं होतं. ते घेऊन ती नाचत डिंगोऱ्याला आली. "आई, बघ तरी! अगदी तुझ्या गळ्यातल्या देवीसारखी. साखरपुड्यात मयूरीच्या गळ्यात हीच घालणार मी." मी बाजेवर बसलो होतो. अक्कानं डबी उघडली, आणि मी बहिणीचा चेहरा पाहिला... हौदातलं पाणी खालून कुणी ओढून घ्यावं तसा तो उतरत गेला. सवतीचा टाक. कुठल्यातरी घरातला, कुठल्यातरी मेलेल्या बाईचा. तो नव्या नवरीच्या गळ्यात घालायचा म्हणजे तिला सांगायचं, तू दुसरी आहेस. आणि हा टाक काय आहे ते सांगावं, तर आपल्या गळ्यातला काय आहे तेही सांगितल्यासारखंच. अक्का अडकित्त्यात सापडली.

"खोटं हाय," ती म्हणाली. हातात घेतलंही नाही, आणि खोटं! सुनंदा माझ्याकडं बघायला लागली. "सराफाला दाखवू मग," ती म्हणाली. अक्का लगेच उठली. तिला वाटलं असावं, सराफ आपल्या शब्दाबाहेर जायचा नाही. मी गाडी काढली. जुन्नरपर्यंत त्या दोघींच्या मध्ये अशी शांतता बसली होती की एसटीत असतो तर तिचं वेगळं तिकीट काढावं लागलं असतं.

जुन्नरच्या पेठेत सराफानं गादीवर बसवलं, चहा सांगितला. टाक कसोटीवर घासला, रेघेवर आम्लाचा थेंब सोडला. रेघ जशीच्या तशी. "सोनं चोख हाय, अक्का."

"मग आत लाख असंल. समदं वजन लाखंचंच."

सराफानं टाक उलटा केला. पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेली बाई. मागून नुसते खळगे. "लाख भरायला जागा कुठं हाय? तुमीच सांगता ना समद्यांना, आधी पाठ बघा म्हणून?"

अक्कानं पाठ न बघता बोलावं! शिवनेरीनं जागा सोडून ओतूरला बिऱ्हाड करावं, तसं ते होतं.

"कडी नवी जोडलीया. डाग ताजा हाय."

"कडी आतून झिजलीया, अक्का. दोरा वापरून वापरून केसावानी झालीया." सराफानं डोळ्याला भिंग लावलं. "झीज बी खरी हाय. मुद्दाम घासलं असतं तर सगळीकडनं सारखं घासलं गेलं असतं. इथं उंचवटेच तेवढे झिजलेत. नाक, छाती, हाताची बोटं. आन् निऱ्यांच्या खाचेत बघा, कुंकू हाय अजून..."

आणि तो थांबला. त्या कुंकवाकडं पाहिलं, त्या बाईकडं पाहिलं, मग नजर वर येऊन अक्काच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यावर टेकली. त्यानं भिंग खाली ठेवलं.

"काय झालं शेठ?" सुनंदानं विचारलं.

"काय न्हाई ताई. डोळ्यात काहीतरी गेलं."

"दोन्ही डोळ्यांत?"

आता आपणच उडी मारायला हवी, म्हणून मी तोंड उघडलं. "सुनंदे, मला आठवलं बघ. हा दागिना आणे पठारावरच्या एका बाईचा. तिला बिबट्यानं नेली. आणि तिसऱ्या दिवशी तोच बिबट्या हा दागिना तेवढा दारात आणून ठेवून गेला. अपशकुनी माल आहे हा!"

"पावती दिली का मामा बिबट्यानं?" सुनंदा म्हणाली. सराफही हसला नाही. तिनं डबी बंद केली. "सोनं चोख, झीज खरी. तुम्ही तिघं मिळून माझ्यापासून काय लपवताय ते तुम्हालाच माहीत. मी घेतेय हा. मयूरीच्या गळ्यात हाच पडणार."

ती उठून उंबऱ्यापर्यंत गेली. मी अक्काकडं पाहिलं. मला वाटलं, जाऊ देईल. पोरगी हातची जाण्यापेक्षा नातीच्या गळ्यात कुणा परक्या बाईची सवत पडली तर पडली, कुणाला कळणार आहे पुण्यात?

"सुने, बस खाली."

तो आवाज मी अक्काचा कधी ऐकला नव्हता.

"ही देवी न्हाई. सवतीचा टाक हाय. पहिली मेली की दुसरीनं तिला गळ्यात घालायची. माझ्या मयूरीच्या गळ्यात हे नको."

"पण मग तुझ्या गळ्यात..." सुनंदा बोलता बोलता थांबली.

अक्का दोरा डोक्यावरून काढायला लागली. तो अंबाड्यात अडकला, आणि आम्हा कुणालाच मदतीला पुढं व्हायचं सुचलं नाही. शेवटी तिनं तो काढला आणि सराफाच्या लाल कापडावर ठेवला.

"सवत माझी," ती म्हणाली. "आई तुझी."

सुनंदा उंबऱ्यावरून परत आली आणि तिनं सराफाचं भिंग उचललं. खाली वाकली. टाक उजेडाकडं फिरवला, परत फिरवला. "चेहरा कुठाय?"

"झिजला. माझ्या अंगावर."

"कशी होती दिसायला?"

"मी कुठं बघितलीया तिला?" अक्का म्हणाली. "पर तुझ्यात तुझ्या बापाचं काहीच न्हाई. माझं तर कुठून असणार? मग जे उरलं ते तिचंच की. तुझ्याकडं बघूनच मी तिला ओळखती."

सुनंदानं तो टाक अक्काच्या तळहातावर परत ठेवला. अक्कानं मग डबीतली ती परकी बाई बाहेर काढली, पदरानं तिचं तोंड पुसलं आणि हळूच म्हणाली, "जा बाई. चांगल्या घरी पड." दुसऱ्या दिवशी सुनंदानं ती डबी विक्रेत्याला परत केली.

त्या दिवसापासून हाक बंद झाली. भांडण नाही, रुसवा नाही. मयूरीच्या लग्नात अक्काला मानाची खुर्ची होती, आजारपणात सुनंदा पंधरा-पंधरा दिवस डिंगोऱ्याला येऊन राहिली, डोकं चेपलं, पथ्याचं रांधलं. पण दुसऱ्या खोलीतून हाक मारायची वेळ आली की ही उठून समोर जायची आणि मगच बोलायची, "चहा टाकू का?" एवढं शोधून शोधून बोलणं मला जन्मात जमलं नसतं. अक्काच्या कानातून ते सुटत नव्हतं. एकदा मला म्हणाली, "बाळू, दागिना पसंत न्हाई पडला तर परत करता येतो. बोललेलं कुठं परत करू रं?" मी म्हटलं, "मारील हाक. थांब जरा." मी तालुक्यातला एक नंबरचा थापाड्या, पण ही थाप काही नीट वठली नाही. अक्कानं माझ्याकडं पाहिलं आणि कूस बदलली. त्यानंतर महिन्याभरात ती गेली. हाक ऐकून गेली नाही. इथं तरी मला काही वाढवून सांगता येत नाही...

तिचे दिवस झाले, आणि गेल्या पंधरवड्यात सुनंदा मला म्हणाली, "मामा, जुन्नरला जाऊन येऊ." अक्काच्या गळ्यातला टाक तिच्याजवळ होता. भावकीतल्या बायकांनी सांगून पाहिलं, लेकीनं सवतीचा टाक ठेवायचा नसतो, नदीत सोड. हिनं ऐकलं नाही. त्याच सराफाच्या पुढं आम्ही बसलो. त्यानं टाक हातात घेतला, भिंग लावलं नाही, नुसता अंगठा फिरवला.

"कडी आज ना उद्या तुटणार, ताई. दोऱ्यानं पार खाल्लीया. नवी बसवून देतो. जुनी आटवून त्यातच घेऊ."

"नवी बसवा. जुनी मला द्या."

"अहो, तिचं काय करायचं? काट्यावर ठेवली तर काटा हलायचा न्हाई."

"टाक तिचा आहे," सुनंदा टाकावरच्या बाईकडं बोट करून म्हणाली. "कडी आईची."

सराफानं मान खाली घातली आणि चिमटा शोधायला लागला. तो त्याच्या हातातच होता.

परवा पुण्याला गेलो तेव्हा सुनंदा देवापुढं बसली होती. टाकाला नवी कडी, समोर एवढंसं तबक, आणि त्यात ती जुनी कडी, केसाएवढी. तिनं टाकाला हळदकुंकू वाहिलं. मग कडीला वाहायला गेली. मी म्हणणार होतो, अगं, एवढ्याशा तारेवर कुंकू कसं ठरेल? पण गप्प बसलो. कुंकू ठरलं नाहीच, सगळं तबकात सांडलं. तिनं पुन्हा वाहिलं, पुन्हा सांडलं. मग सांडलेलं ते बोटानं टिपलं आणि आपल्या कपाळाला लावलं.