संगणकाची शीळ आणि माझे कान

आमच्या घरातला संगणक केकाटत होता, हे मी सोडून सगळ्यांना माहीत होतं. (शेजाऱ्यांच्या मांजरीनंही त्या खोलीत यायचं सोडलं होतं!)

मी कळमनुरीत तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस. लेकीची, प्राजक्ताची, सोमवारी अकरा वाजता नोकरीची ऑनलाइन मुलाखत होती. शनिवारी सराव करताना तिची मैत्रीण पलीकडून म्हणाली, "तुझ्या मागं कोण शिट्टी वाजवून राहिलंय?"

"पप्पा, पावर सप्लायचा आवाज आहे हा," लेक रडकुंडीला आली.

"कुठं? मला तर काहीच ऐकू येत न्हाई."

"अवो, कान किटले माझे!" बायको स्वयंपाकघरातून ओरडली. (तिचे कान किटायला एरवी मीच कारण असतो, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.)

"भास आहे तुमचा! विज्ञानात पुरावा लागतो!"

पण लेकीचा चेहरा पाहवेना. शेवटी मी पेचकस उचलला. संगणकाचा डबा उघडून धूळ फुंकली, ती सगळी माझ्याच डोळ्यांत गेली. प्लग दुसऱ्या बोर्डात लावला. डब्याखाली वर्तमानपत्रं सारली. दर वेळी विचारायचं, "आता?" आणि दर वेळी लेक म्हणायची, "येतोय, पप्पा." मग मी अख्ख्या डब्यावर वाकळ पांघरली.

"काढा ती वाकळ! मुलाखतीआधी घर पेटवता का?" बायको कडाडली.

इथवर मी प्रामाणिक होतो. पण तीस वर्षांची अब्रू पणाला लागल्यावर मलाही तो आवाज ऐकू यायला लागला! डोळे मिटून मी डब्याला कान लावला.

"हं... येतोय. बारीक आहे. पण निम्म्यानं कमी केला मी!"

"पप्पा," लेक हळूच म्हणाली, "मी कंप्युटर कवाच बंद केलाय."

रविवारी बाजारातल्या दुरुस्तीवाल्या गजाननला बोलावलं. हा माझाच जुना विद्यार्थी. लेकीनं संगणक सुरू केला तसे त्यानं उंबऱ्यातच दोन्ही कान हातांनी झाकले.

"सर, केवढा केकाटून राहिलाय हो!"

"मग मला काहून ऐकू येत न्हाई?"

तो आधी माझ्या पाया पडला. मग म्हणाला, "सर, नववीत तुमीच शिकवलं होतं ना? वय झालं की लई बारीक, उंच पट्टीचा आवाज कानाला लागत न्हाई."

(हेच उत्तर आलं नाही म्हणून मी तेव्हा त्याचा कान पिळला होता. त्याचा कान आजही शाबूत आहे.)

गजाननानं नवा पावर सप्लाय बसवला. मायलेकींनी एकदम सुटकेचा निःश्वास टाकला. मला आधीही शांत होतं, नंतरही शांतच. सोमवारी मुलाखत झाली आणि लेकीला नोकरी लागली, त्याचा आनंद मात्र मला खणखणीत ऐकू आला!

तेव्हापासून माझ्याविषयी काही बोलायचं असलं की मायलेकी एकदम बारीक आवाजात बोलतात म्हणे. मी मात्र आल्या-गेल्याला अभिमानानं सांगतो, पावर सप्लाय बदलल्यापासून आमच्या घरात माझ्याविषयी कुणाची काही तक्रार नाही.