पाटीवरचं स्वागत

अमेरिकेत नेपरव्हिलला जावयाच्या अंगणात एक पाटी आहे. या घरात सगळ्यांचं स्वागत आहे, असं तिच्यावर इंग्रजीत लिहिलंय. अर्थ मला नातीने सांगितला. बर्फ पडला की जावई आधी पाटी झटकतो, मग पायऱ्या. बैठकीत एक मोठा काळा-पांढरा फोटो आहे. इथल्या काळ्या लोकांनी हक्कांसाठी साठ सालानंतर मोर्चे काढले, त्यातला. शनिवारी मित्र जमले की जावई हातात ग्लास घेऊन त्या फोटोखाली उभा राहतो आणि आपण तेव्हा असतो तर काय केलं असतं ते सांगतो.

मित्रांत दोन तट आहेत. एकाचं म्हणणं देश बुडाला, दुसऱ्याचं म्हणणं आत्ता कुठे वर येतोय. भांडण जोरात होतं, पण जेवणाच्या आधी संपतं. माझं भरलं वांगं दोन्ही तटांना आवडतं आणि खरकटी ताटं दोन्ही तट तिथेच टाकून जातात.

घर साफ करायला दर मंगळवारी एक बाई यायची, मेक्सिकोची, माझ्याच वयाची. तिला मराठी नाही, मला तिची भाषा नाही, इंग्रजी दोघींनाही नाही. त्यामुळे आमचं चांगलं जमलं. निघताना 'जाते' नाही, 'येते' म्हणायचं, एवढं मी तिला शिकवलं होतं. शुक्रवारी ती समोरच्या घरी काम करायची. तिथली बाई आपल्यातलीच, मराठी मंडळात स्टेजवर बोलणारी.

या हिवाळ्यात एका मंगळवारी तिच्या फोनवर निरोप आला. तिने मला फोटो दाखवले: इमिग्रेशनवाल्यांच्या काळ्या काचांच्या गाड्या आसपास फिरत होत्या, कागदपत्रं नसलेल्यांना उचलत होत्या. ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली आणि संध्याकाळपर्यंत राहू का, असं तिने खुणेने विचारलं.

जावई घरूनच काम करत होता. तो खाली आला, तिला कळू नये म्हणून तिच्याकडे बघून हसला आणि मराठीत मला म्हणाला, "आई, तिला निघायला सांगा. आपली ग्रीन कार्डची केस चालू आहे."

मी हळूच पाटीचं नाव काढलं.

"पाटी वेगळी, आई. ती आपली भूमिका आहे. तुम्हाला नाही कळायचं ते."

मग त्याची मीटिंग होती म्हणून तो वर गेला. स्वतः सांगायचीही हिंमत नव्हती.

तिच्या बहिणीने फोनवर कोपऱ्यावरच्या दुकानापाशी गाडी आणते म्हटलं, ते तिने मला खुणांनी समजावलं. तिथवर चालत जायचं होतं. तिच्या जाकिटावर साफसफाईच्या कंपनीचं नाव होतं. ते मी पिशवीत कोंबलं. माझा स्वेटर तिला चढवला, डोक्यावरून शाल गुंडाळली आणि कपाळाला माझ्या पाकिटातली टिकली लावली. आम्ही हात धरून निघालो.

वाटेत समोरचीच बाई कुत्रा फिरवताना भेटली. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या सोबतिणीला हात जोडून म्हणाली, "नमस्कार काकू. कधी आलात इंडियाहून?"

सोबतीण तिला येत होता तो एकच मराठी शब्द बोलली. "येते."

"या ना, नक्की या," समोरची म्हणाली आणि कुत्र्याला ओढत गेली. हिच्या घरातले संडास ती दोन वर्षं घासत होती.

बहिणीची गाडी आली. ती बसली, गेली. घरी परतले तर जावयाने जिन्यावरून विचारलं, गेली का नीट. गेली, म्हटलं.

शनिवारी तो फोटोखाली उभा राहून मित्रांना सांगत होता, की आमच्या घरातून एका बाईला आम्ही सुखरूप बाहेर काढलं. दोन्ही तटांनी माना हलवल्या. समोरचीही आली होती. काल आमची कामवाली आलीच नाही, साधा मेसेजही नाही, असल्या लोकांचा भरवसा नाही, असं म्हणत तिने दुसऱ्यांदा वांगं वाढून घेतलं. मग माझ्याकडे वळली.

"आणि त्या काकू कुठे आहेत? आणा ना एकदा घरी. किती गोड आहेत."