शैलामॅडमची दुसरी खुर्ची

शैलामॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका पेशंटचा सीटी स्कॅन वाचत होते. फोन ठेवला, डोळे पुसले आणि रिपोर्ट पूर्ण केला. अर्धवट सोडला असता तर त्यांना मुळीच खपलं नसतं...

सोलापुरातल्या आमच्या स्कॅन सेंटरमध्ये त्या माझ्या वरिष्ठ. पोटातल्या कॅन्सरचे स्कॅन वाचण्यात त्यांचा हात धरणारं कुणी मी पाहिलं नाही. गाठ कुठवर पोचलीय, लगेच काढता येईल की आधी केमो, हे त्यांना विचारल्याशिवाय सर्जन पुढं जात नसत. पण त्यांच्यावर माझा खरा जीव जडला तो त्यांच्या दुसऱ्या खुर्चीमुळं. आपल्याकडे रोगाचं नाव मुलांना कळतं, जावयाला कळतं. ज्याचं पोट, त्याला तेवढं कळू देत नाहीत. मॅडमनी मात्र स्क्रीनसमोर, स्वतःच्या खुर्चीशेजारी, पेशंटसाठी एक लाकडी खुर्ची ठेवली होती.

मंद्रूपचे शिवाप्पा आले तेव्हाची गोष्ट. मोठ्या आतड्यात गाठ होती. मुलगा दारातच हात जोडून म्हणाला, "मॅडम, आण्णास्नी सांगू नका. खचतील त्ये." घरच्यांनी त्यांना गॅसचा त्रास म्हणून सांगितलेलं, त्यामुळं ऑपरेशनला ते तयारच नव्हते. "गॅससाठी कुणी पोट फाडतंय व्हय?" हा त्यांचा सवाल, आणि तो बरोबरच होता.

"पोट कुणाचं हाय?" एवढंच मुलाला विचारून मॅडमनी शिवाप्पांना खुर्चीत बसवलं. ही अन्नाची वाट, इथं गाठीनं ती अडलीय, हा कॅन्सर आहे, आणि हे लिव्हर मात्र स्वच्छ आहे, असं बोट ठेवून दाखवलं. शिवाप्पांनी स्क्रीनवरच्या गाठीकडं बोट केलं.

"काढता येतीय?"

"येतीय. म्हणून तर दावतीय."

ऑपरेशन झालं. पुढं दर तपासणीला शिवाप्पा आपणहून त्या खुर्चीत बसायचे आणि म्हणायचे, "दावा की."

मग मॅडमचंच वजन उतरू लागलं. स्कॅन मी केला. स्वादुपिंडात गाठ, लिव्हरमध्ये पसरलेली... कसं सांगावं या विचारात मागं वळले, तर मॅडम लाकडी खुर्चीत येऊन बसल्या होत्या. "दाव की," म्हणाल्या. मी उभ्यानंच भराभरा बोलू लागले, तसा त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "घाई करू नकोस. पेशंटला वेळ दे."

गेल्या आठवड्यात शिवाप्पा आले. स्कॅन स्वच्छ होता. मुलानं मला बाजूला घेतलं. "मॅडम गेल्याचं आण्णास्नी म्हाईत न्हाय. सांगू नका, खचतील त्ये."

आत शिवाप्पा आपल्या खुर्चीत बसून मॅडमची वाट बघत होते. मी पहिल्यांदाच मॅडमच्या खुर्चीत बसले, आणि घाई न करता त्यांना सांगितलं.