तांबटाचा दाखला

आमच्या आळीतल्या तांबटाला कुठलीही गोष्ट तांब्याचा दाखला दिल्याशिवाय सांगताच येत नसे. शेजारच्या काकूंची सून रुसली, की हातातलं भांडं पुढे धरून तो म्हणे, "काकू, पत्रा ठोकून ठोकून कडक होतो. मधून मधून भट्टीत घालून मऊ करावा लागतो, नाहीतर चिरतो." काकूंना ते पटे. मी शाळामास्तर, वर्गातल्या पोरांबद्दल कुरकुर केली की मलाही हाच दाखला मिळे, आणि तो उपयोगीही पडे.

त्याचा स्वतःचा मुलगा मात्र बापाच्या रोजच्या टोचून बोलण्याला कंटाळून बायकोसह चांदवडला, सासुरवाडीला, निघून गेला होता. एका संध्याकाळी ओट्यावर बसल्या बसल्या मी धीर करून म्हणालो, "पोराला तुम्ही ठोकलंत फार. मऊ कधी केलंत?"

"माणूस म्हणजे काय तांबं आहे, मास्तर?" एवढं म्हणून तो माझ्याकडे न बघता हंडा ठोकू लागला. भट्टीकडे न वळता एकाच जागी ठोकत राहिला. उठावं की बसावं, मला कळेना. तेवढ्यात ठोक्यांचा आवाज बदलला. हंड्याच्या काठाला चीर गेली होती. नवशिक्याची ही चूक त्याच्या हातून झालेली मी कधी पाहिली नव्हती.

चिरेवरून त्याने अंगठा फिरवला. मग हातोडी खाली ठेवून खुंटीवरची टोपी घेतली.

"मास्तर," त्याने विचारलं, "चांदवडची मोटार आता मिळेल का?"