शेपटीवाला ऑटो

इंद्रभानचा आवाज आधी यायचा आणि ऑटो मागून. नांदुऱ्याच्या स्टेशनासमोर भाजी लावून बसलेली गोजरबाई मान वर न करताच सांगायची, "आला भोंग्या." मग दोन मिनिटांनी वळणावर तो काळा-पिवळा ऑटो दिसायचा. टपावर गंजलेला भोंगा, एका हातात हँडल, दुसऱ्यात माइक, आणि तोंडात सारा तालुका.

"हक्-ख्या! ऐका हो ऐका! बाया-मानसं, पोट्टे-सोट्टे, सासवा-सुना! साड्यांचा सेल लागला हो, आजचाच दिवस! मंग म्हनसान, इंद्रभाननं सांगतलंच नाही!"

ते "हक्-ख्या" म्हणजे त्याचं घसा साफ करणं. पण लोकांना तो जाहिरातीचाच भाग वाटायचा. शाळेतली पोरं स्टीलचा पेला तोंडाला लावून अख्खीच्या अख्खी जाहिरात म्हणून दाखवत, खोकल्यासकट. एकदा गोजरबाईची बकरी हरवली, तर इंद्रभाननं धामणगाव बढ्यापर्यंत ऑटो हाकला. बकरीचा कान पांढरा, हे तर सांगितलंच, वर चोराला गोजरबाईनं घातलेल्या शिव्याही भोंग्यातून फुकटात वाटल्या. बकरी संध्याकाळच्या आत परत आली. चोरानं नाही आणली, चोराच्या आईनं आणली.

बाहेर कामाचा असा आवाज घरात अडचणीचा होता. इंद्रभान मीठ मागायचा तेही माइक धरल्यासारखं. नवरा-बायकोचं काही बिनसलं की त्याची बाजू गल्लीला तोंडपाठ व्हायची. त्याची बायको सुचिता तहसीलमधल्या एका बाबूंची मुलगी, हळू बोलणाऱ्या घरातली. तिनं नऊ वर्षं दारं-खिडक्या लावून पाहिल्या. शेवटी लेक रेवतीला घेऊन ती पुण्याला भावाकडे गेली आणि तिथंच एका दवाखान्यात कामाला लागली. कोर्टाच्या कागदावर इंद्रभानच्या वाट्याला आला रविवार, अकरा ते साडेअकरा, मोबाइलवर.

रेवती पुण्याला गेली तेव्हा पाच वर्षांची होती. पहिले काही रविवार ती "काय करून राह्यले बाबा?" असं विचारायची. मग एका रविवारी तिनं विचारलं, "काय करतोयस बाबा?" इंद्रभान हसला. पुढं ती म्हणाली, "शाळेत मी 'का'ऐवजी 'काऊन' म्हटलं ना, तर सगळे हसले. बाई पण हसल्या." त्यावर तो हसला नाही. मागून सुचिताचा आवाज आला, "तिच्याशी जरा नीट बोलत जा. ती तुमचंच उचलते."

त्या दिवसापासून इंद्रभान फोनवर शब्द निवडून बोलायला लागला. नऊ वर्षं जे सुचिताला जमलं नाही ते एका वाक्यात झालं. भोंग्यावर चार तास न थकणारा माणूस अर्ध्या तासात घामाघूम व्हायचा. "जेवलीस का?" विचारायचं आणि गप्प बसायचं. "अभ्यास केलास का?" आणि पुन्हा गप्प. एकेकदा साडेअकराच्या आतच रेवती म्हणायची, "ठेवू का बाबा?"

तिचा आठवा वाढदिवस दीड महिन्यावर आला, तेव्हा तिनंच शोध लावला. मैत्रिणीकडे एक मऊ कुत्रा होता, तिच्याच चित्रावरून बनवलेला. एक कंपनी आहे, आपण चित्र पाठवायचं, ते तस्संच शिवून घरी पाठवतात.

"तुले काय... तुला काय पाहिजे?"

"तुझी रिक्षा."

"माही रिक्षा?"

"मऊ. झोपताना जवळ घ्यायची. वर भोंगा पाहिजे. आणि शेपटी."

"ऑटोले शेपटी कुठी असते वं?" एवढं बोलून इंद्रभाननं जीभ चावली. पण पलीकडे रेवती खदाखदा हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

पुढचे चार रविवार इंद्रभानच्या आयुष्यात सोन्याचे गेले. तिनं चित्र काढायचं, फोनसमोर धरायचं, त्यानं दुरुस्त्या सुचवायच्या. हेडलाइटचे डोळे झाले, चाकांना मोजे आले. शेपटी आधी गायीची होती, मग माकडाची झाली. मागचा रंग उडालेला पत्रासुद्धा रेवतीला आठवत होता. "तिथं टेकून मी कुल्फी खायचे, तिथं तपकिरी कापड लावायला सांग." इंद्रभान उठून अंगणात गेला आणि त्या पत्र्यावरून हात फिरवून आला. अर्धा तास आता पुरत नव्हता.

कंपनीची डिझाइनवाली ताई सगळं मोबाइलवर विचारायची, मधात बुडवून काढल्यासारख्या आवाजात. "सर, टेल आपण बॅक सीटकडून काढतोय, हं? आणि सर, हॉर्न थोडा सॉफ्ट ठेवू, म्हणजे बेबीला टोचणार नाही."

"हॉर्न नोको, ताई. भोंगा."

"भों... ओके सर! खूप क्यूट!"

ऑर्डरच्या फॉर्मवर, शेवटच्या पानावर एक चौकोन होता. खेळण्याच्या पोटात तुमचा आवाज, दहा सेकंद. पोट दाबलं की वाजेल.

इंद्रभान त्या चौकोनाकडे बघतच राहिला. रविवारचा अर्धा तास एकीकडे आणि हे दुसरीकडे. रोज, ती झोपायला जाईल तेव्हा, उशीशी त्याचा आवाज. कोर्टाला विचारायला नको, सुचिताला विचारायला नको. पोरगी दाबेल तेव्हा बाप बोलेल. कधी नव्हे ते आपल्याला आवाज दिला म्हणून त्यानं देवाचे आभार मानले.

रेकॉर्डिंगला तो गंधारकडे गेला. बँकेतल्या साहेबांचा हा मुलगा फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत जाहिराती रेकॉर्ड करायचा. गेल्या वर्षापासून बरेच दुकानदार इंद्रभानला माइक धरू न देता गंधारच्या आवाजाचा पेन ड्राइव्हच हातात देत. "फक्त फिरव," म्हणत. आवाज कसा, तर इस्त्री केलेला. तरी इंद्रभानचा त्याच्यावर राग नव्हता. पोरगं कामसू होतं.

"बोला काका. मनातलं बोला."

"हक्-ख्या! रेवू, जेवली काय वं? झोपजो आता. भेजो नोको. मी अठीच आहो!"

गंधारनं कानावरचा हेडफोन काढला. "काका, भोंगा नाही लावलेला. पोरगी उशीवर डोकं ठेवून ऐकणार आहे."

दुसऱ्यांदा तो हळू बोलला. इतका हळू, की आवाज थोडा कापला. गंधारनं ते लावून ऐकवलं आणि म्हणाला, "हे घ्या. हेच पाठवा. लय मस्त आलं."

पण इंद्रभान ऐकत होता. त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःला बाहेरून ऐकलं. त्या काळ्या डब्यातून एक गावंढळ माणूस बोलत होता. त्याच्याभोवती पुण्याची पोरं गोल करून बसलेली त्याला दिसली. पोट दाबतायत, हसतायत, पुन्हा दाबतायत. आणि मधे रेवती, मान खाली घालून.

"नीट बोलून पाहतो."

मग त्यानं नीट बोलून पाहिलं. एकदा बातम्या सांगितल्यासारखं झालं, एकदा शाळा तपासायला साहेब आल्यासारखं. "रेवती, तू भोजन केलेस का?" यावर गंधारला हसू आवरेना. सगळं मिळून अकरा वेळा झालं. बाराव्या वेळी इंद्रभाननं माइक त्याच्याकडे सरकवला.

"तू बोल."

"मी? काका, पोरगी तुमची आहे."

"तुह्या आवाजाले कोनी हसत नाही बे. बोल तू."

"तुमचा तो दुसराच चांगला..."

"बोल म्हनतो ना!"

गंधार बोलला. एका झटक्यात, मऊ, स्वच्छ. "रेवती, जेवलीस का बाळा? झोप आता. घाबरू नकोस. मी इथेच आहे." आठ सेकंद लागले. दोन उरलेही.

ताईनं विचारलं, "सर, आवाज एकदा लॉक झाला की बदलता येणार नाही हं. कन्फर्म?"

इंद्रभाननं मोबाइलवर होकाराचा अंगठा दाबला.

वाढदिवस नेमका रविवारी आला. अकराला फोन वाजला तेव्हा इंद्रभान दाढी करून, नवा शर्ट घालून बसला होता. पडद्यावर आधी शेपटी आली, मग तपकिरी पत्रा, मग मोजे घातलेली चाकं आणि शेवटी रेवती.

"बाबा! भोंगा पण मऊ आहे! ऐक हां." तिनं पोट दाबलं. पुण्यातल्या त्या खोलीत गंधार बोलला, मी इथेच आहे.

"मी सगळ्यांना ऐकवलं. वर्गातली सानिका म्हणाली, तुझे बाबा किती छान बोलतात गं! एकदम टीव्हीतल्यासारखे!"

"हो का," इंद्रभान म्हणाला.

"काल रात्री मी तीनदा दाबलं. बाबा, तू आता तसं बोल ना."

"कसं?"

"रिक्षात बोललायस तसं."

इंद्रभाननं घसा साफ करायला तोंड उघडलं, आणि ते "हक्-ख्या" तसंच गिळलं. "रेवती... जेवलीस का बाळा?"

"असं नाही! रिक्षासारखं!" तिनं पुन्हा पोट दाबलं, त्याला समजावं म्हणून. "असं. बघ. आता बोल."

तो बोलला. ती नाही म्हणाली. तो पुन्हा बोलला. ती कंटाळली. केक कापायला कुणीतरी हाक मारली आणि ती ऑटो बगलेत मारून पळाली. पडद्यावर सुचिता आली. आवाज आधीच हळू, तो तिनं आणखी हळू केला.

"कोणाचा आवाज आहे तो?"

इंद्रभाननं नव्या शर्टाचं बटण चाचपलं.

"नऊ वर्षं ऐकलंय मी तुम्हाला. नीट बोला म्हटलं होतं. दुसऱ्याला बोलवा म्हटलं नव्हतं."

"तिले सांगशीन तू?"

सुचितानं मागं वळून पाहिलं. आतून टाळ्यांचा आवाज येत होता. "आता काय सांगू? रोज रात्री त्यालाच बाबा म्हणून झोपणार ती." साडेअकराला दहा मिनिटं होती. फोन कुणी ठेवला ते दोघांनाही कळलं नाही.

मंगळवारी गंधारनं रस्त्यात ऑटो थांबवला. "काका, तुमचे ते अकरा टेक पडून आहेत कंप्युटरमध्ये. देऊ काय? की काढून टाकू?"

"काढ."

"तो दुसराही?"

"तोच आधी काढ."

पुढच्या रविवारी अकरा वाजता इंद्रभान वरवट बकालच्या रस्त्याला होता. खिशात फोन वाजून वाजून थांबला. त्यानं एका हातानं संदेश टाकला, 'आज कामावर आहे'. त्याच्या पुढच्या रविवारीही तोच टाकला, नवा लिहावाही लागला नाही.

मग एके सकाळी तो स्टेशनासमोरून गेला. टपावरून गंधार बोलत होता, सेल आजच्या दिवसापुरताच आहे, कृपया लाभ घ्यावा. माइक सीटखाली पिशवीत बांधून ठेवलेला. ऑटो पार जवळ आला तरी गोजरबाई "आला भोंग्या" म्हणाली नाही. वांग्यांवर पाणी शिंपडता शिंपडता तिनं नुसतं वर पाहिलं, मग हातानं थांबवलं.

"काऊन रे इंद्रभान, तू काऊन नाही बोलून राह्यला? आवाज बसला काय?"

इंद्रभाननं 'हो' म्हणून मान हलवली आणि ऑटो पुढं काढला.