रविवारच्या टेस्टमधलं माझं उत्तर

सर काल गेले.

त्यांच्या वर्गात मी खोटं बोलले होते, आणि ते त्यांना माहीत होतं.

माहीत होतं, हे मला आज सकाळी कळलं.

अकोल्यात, जठारपेठेतल्या घराच्या पुढच्या खोलीत वानखडे सर आम्हाला कॉम्प्युटर शिकवायचे. गणिताचे रिटायर्ड शिक्षक. आम्ही अकरा जण, बी.एस्सी. झालेले, एमसीएच्या एन्ट्रन्सच्या तयारीतले.

कॉम्प्युटर एकच. त्यामुळे प्रोग्राम बहुतेक कागदावरच चालायचे.

दर रविवारी प्रॅक्टिस टेस्ट. पेनानेच लिहायची, खोडायचं नाही. मग सर उत्तरं फळ्यावर लिहीत. ज्याने त्याने आपला पेपर तपासायचा, आणि उभं राहून आपली सगळ्यात मोठी चूक मोठ्याने वाचायची. ती करताना डोक्यात काय चाललं होतं, तेही सांगायचं.

शेवटी सर पेपर गोळा करून आत ठेवत. ते पुढे वाचत असतील, असं आमच्या मनातही आलं नाही.

ही पद्धत कुठून आली, ते सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

छप्पन्न साली, धम्मदीक्षेच्या वर्षी, सर चौथीत होते. साठच्या दशकात अमरावतीला कॉलेजात गेले, घरातले पहिलेच. एकदा फळ्यावर त्यांचं गणित चुकलं. वर्ग हसला. मागून कोणी तरी म्हणालं, याले कोणं पाठवलं इथं?

त्यानंतर वर्षभर ते फळ्याजवळ गेले नाहीत. पुढे हॉस्टेलवर इतरांच्या वह्या पाहिल्या, तर अर्ध्या वर्गाचं तेच गणित तसंच चुकलेलं.

"चुकलो याचं मले काही नाही वाटलं," सर म्हणाले. "चूक सगळ्यांची होती अन् उभा मी एकटा होतो."

हे मी ऐकलं होतं. डायरीत लिहूनही ठेवलं होतं. म्हणून मला सबब नाही.

मी काय करायचे, तर मोठी चूक लपवायचे आणि एखादी किरकोळ चूक वाचायचे. सेमीकोलन राहिला. स्पेलिंग चुकलं. कधी कधी तीही बनवलेली असायची. हुशार मुलीला शोभेल इतकीच चूक.

माझ्या शेजारी संगीता बसायची. तिच्या वडिलांचं भाजीचं दुकान होतं. घरच्यांनी तिला एक उन्हाळा दिला होता. जमतंय असं वाटलं तर तिने एन्ट्रन्सचा फॉर्म भरायचा, नाही तर दुकानावर बसायचं.

त्या रविवारी प्रश्न सोपा होता. दोन डब्यांत दोन आकडे आहेत, त्यांची अदलाबदल करा.

पहिल्यात दुसरा आकडा टाकला की पहिला आकडा पुसला जातो. म्हणून आधी तो तिसऱ्या, रिकाम्या डब्यात ठेवायचा असतो.

संगीताने तिसरा डबा घेतलाच नव्हता. तिने उभं राहून ते वाचलं. दोन्ही डब्यांत एकच आकडा उरला, म्हणाली.

एक मुलगा म्हणाला, "तुह्या दुकानात टमाटे देऊन टमाटेच घेतेत का वं?"

वर्ग हसला. मीही हसले. सगळ्यांपेक्षा मोठ्याने.

माझ्या पेपरात तेच उत्तर होतं. तिसरा डबा मीही घेतला नव्हता.

सरांनी विचारलं, "आणखी कोणाचं असं झालं?"

माझी पाळी आली तेव्हा मी सेमीकोलन वाचला.

पुढच्या रविवारी संगीता आली नाही. शिकवायला सुरुवात करण्याआधी सर खुर्चीवर बसून राहिले. म्हणाले, "मागच्या टेस्टचं कोणाले काही सांगायचं राहिलं असंन, तर सांगा."

ते कशाबद्दल विचारताहेत हे मला कळलं नाही, असं मी इथे आधी लिहिलं होतं. मग ते काढलं. कळलं होतं.

मी वही उघडून तारीख घातली.

संगीताने फॉर्म भरला नाही. मी भरला. पुढचं तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. माझी नोकरी, प्रमोशनच्या पोस्ट, आणि दर शिक्षकदिनी इथे टाकलेला सरांसोबतचा फोटो.

आज सकाळी नंबर मिळवून संगीताला फोन केला, सर गेल्याचं सांगायला. दुकान आता तीच सांभाळते. तिला कालच कळलं होतं.

तिने सांगितलं, त्या रविवारनंतर सर तिच्या घरी गेले होते. म्हणाले, मी पेपर पाहिले, आणखी एकीनं तसंच लिहिलं आहे. नाव सांगितलं नाही. ती त्यांना म्हणाली, तिनं वर्गात सांगतलं तर मी येईन. सर म्हणाले, मी तिला बळजबरी करणार नाही, वाट पाहीन.

मी म्हटलं, "संगीता, ती मी होते."

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "मी बाजूलेच बसली होती. तुहा पेपर दिसत नव्हता काय मले?"

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"माह्यं मी वाचलं होतं. तुहं मी कायले वाचू?"

मागे गिऱ्हाईक भाव विचारत होतं. तिने त्याला भाव सांगितला. मग मला म्हणाली, "मी निंगून राहिली आता सरांच्या घरी. तुले यायचं असंन तर ये."

मी गेले. आम्ही दोघी शेजारी उभ्या होतो. ती माझ्याशी बोलली नाही. मीही माफी मागितली नाही. तिथे मागितली असती, तर तिला सगळ्यांसमोर "असू दे" म्हणावं लागलं असतं.

म्हणून इथे लिहिते. संगीता, तू "असू दे" म्हणू नकोस.

सर, तिसरा डबा मी घेतला नव्हता. तुम्ही विचारलंत, आणि मी गप्प बसले.

तुम्हाला शरमेने, विनम्र अभिवादन.