विश्वकर्मा पूजेला दिलेली चावी

आमचं काम सांगायला दोन वाक्यं पुरतात, पण रायपुरात दहा वर्षं ते सांगून सांगून मी थकले आहे. कारखान्यात मोठमोठे पाइप जोडतात, त्या जोडात आतून भेग आहे का हे आम्ही फोटो काढून पाहतो. फोटोसाठी किरणं लागतात. ती देणारा पदार्थ करंगळीच्या पेरापेक्षा लहान असतो आणि एका जड धातूच्या पेटीत बंद राहतो. तिला आम्ही कॅमेरा म्हणतो. हा कॅमेरा रस्त्याने कारखान्यापर्यंत नीट जावा आणि नीट परत यावा, एवढ्यासाठी मला पगार मिळतो.

म्हणजे कागद. पेटीवर पिवळं लेबल हवं आणि त्यावर आत काय आहे, किती आहे, एक मीटर अंतरावर किरणं मोजणारा मीटर किती दाखवतो, ते लिहिलेलं हवं. गाडीच्या दोन्ही बाजूंना आणि मागे किरणांच्या धोक्याच्या तीन पात्यांच्या खुणेची पाटी हवी. ड्रायव्हरच्या सीटवर मीटर धरून आकडा लिहायचा. गाडीत प्रशिक्षणाची परीक्षा देऊन कार्ड मिळवलेल्या माणसाशिवाय कोणालाही बसवायचं नाही, सख्ख्या भावालाही नाही. गाडी एकटी सोडायची नाही. शेवटी सगळं तपासलं म्हणून माझी सही. माझे वडील रेल्वेत गँगमन होते आणि पगाराच्या दिवशी अंगठा लावायचे. गोंदियाकडच्या आमच्या गावातल्या शाळेत विज्ञानाच्या सरांनी मला स्वतःची पुस्तकं वाचायला दिली नसती, तर ही सही झाली नसती. हे मी विसरत नाही. तरी दर खेपेला तेच अकरा कागद भरताना मान अवघडते, हेही खरं.

आमचा ड्रायव्हर पुरानी बस्तीतला होता. मला दीदी म्हणायचा, मी त्याला भैया म्हणायचे, वयाने तो माझ्या काकांएवढा असूनही. नियम त्याला माझ्या आधीपासून ठाऊक होते. मी नवीन असताना कोरब्याच्या रस्त्यावर भर दुपारी गाडी बंद पडली. मेकॅनिक आणायला मी गेले, कारण तो गाडीपासून हलायला तयार नव्हता. तीन तासांनी परत आले तेव्हा कोणी जवळ येऊ नये म्हणून त्याने गाडीभोवती दोरी बांधली होती आणि दोरीबाहेर उन्हात उभ्या उभ्या डबा खात होता. समोर महुआच्या झाडाची चांगली सावली होती.

"भैया, सावलीत तरी बसायचं," मी म्हटलं.

"वहाँ से पीछे का दरवाजा नहीं दिखता, दीदी."

रस्त्यावरचं काम मी त्या माणसाकडून शिकले.

आमचं ऑफिस समता कॉलनीत, एका दातांच्या दवाखान्याच्या वर आहे. कॅमेरा ठेवायचा खड्डा मात्र शहराबाहेरच्या गोदामात, कुलपाखाली. खड्ड्याची चावी माझ्याकडे. ती दुसऱ्याला द्यायची असेल तर रजिस्टरमध्ये नोंद करून, आणि पेटी बाहेर निघेल तेव्हा मी तिथे हजर हवी.

सप्टेंबरात विश्वकर्मा पूजा येते. त्या दिवशी आमच्याकडे पान्ह्यापासून ट्रकपर्यंत प्रत्येक अवजाराला हळदकुंकू लागतं. आम्ही विहारात जाणारी माणसं, आमच्या घरात पूजा नसते. दरवर्षी त्या दिवशी मी गोदामात उभी राहिले की कोणीतरी आरतीचं ताट माझ्यापुढे धरायचं, मग अचानक आठवण होऊन मागे घ्यायचं, आणि दोघंही ओशाळायचो. म्हणून गेल्या पूजेच्या आदल्या वर्षी मी अर्धी सुट्टी टाकली. निघताना भैया म्हणाला, "दीदी, खड्डे के कमरे में भी झाड़ू लगा दें? साल में एक दिन तो." मी जुडगाच त्याच्या हातात दिला. खोलीची आणि खड्ड्याची चावी एकाच कडीत होती. रजिस्टर उघडलं नाही. खरं सांगायचं तर मला लवकर निघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खेप होती. खड्डा उघडला तर कॅमेरा चकाचक. मुठीला लाल धागा, वर स्वस्तिक, कडेला झेंडूची पाकळी चिकटलेली. लेबलचा नुसता पिवळा लगदा उरला होता. पेटीच्या कुलपाच्या फटीतून पाणी निघालं.

"पेटी बाहेर काढली होती?"

"हव दीदी." तो जरा खूशच होता. "धूल जमी थी. भगवान के आगे मैली कैसे रखते? इसी का तो खाते हैं."

"आणि धुतली?"

"पाइप से. ऊपर-ऊपर से."

मी मीटर लावला. आकडा रोजचाच होता. पेटीतून काही बाहेर आलं नव्हतं, कोणाला काही झालं नव्हतं. पण पाणी कुलपात गेलं होतं, आणि कुलूप चालतं की नाही हे तपासल्याशिवाय ती पेटी रस्त्यावर न्यायची नसते. आणि का तपासली, हे लिहावं लागतं. लिहिलं की पेटी कोणी काढली तेही लिहावं लागतं. मी नसताना पेटी काढणाऱ्याचं कार्ड जातं. भैयाच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती आणि ही गाडी चालवणारा कार्डवाला आमच्याकडे तोच एक होता.

मालकांना फोन केला. ते बूढ़ापाऱ्यातल्या जुन्या मराठी घरातले, रागावले तरी आवाज चढवत नाहीत.

"मॅडम, आकडा बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे."

"मंग नवीन लेबल लावा अन् पाठवा गाडी. कारखाना बंद ठेवून बसले ते लोक आपल्यासाठी. काहून लावून धरता?"

"कुलपात पाणी गेलं सर."

"अवो, रायपुरात पावसात भिजत नाही का पेटी?" मग म्हणाले, "त्याचं कार्ड जाईल, हे ध्यानात आहे ना तुमच्या?"

ध्यानात तेवढंच होतं. नवीन लेबल लिहायला पाच मिनिटं लागतात. मी ते काढलंही, त्यावर तारीख घातली. भैया गाडीला पाट्या लावत होता. प्रत्येक पाटी गमछ्याने पुसून, सरळ आहे का ते दोन पावलं मागे जाऊन बघत होता. मी लेबल फाडलं आणि रजिस्टर ओढलं. पहिली ओळ लिहिली, चावी मी दिली आणि नोंद केली नाही. दुसऱ्या ओळीत त्याचं नाव लिहिलं. मग बाहेर जाऊन त्याला दोन्ही ओळी हिंदीत वाचून दाखवल्या.

"मोर नाव सही लिखे हस न?" त्याने विचारलं. शाळेत त्याचं नाव चुकीचं लिहिलं गेलं होतं आणि ते त्याला जन्मभर निस्तरावं लागलं होतं. मी रजिस्टर दाखवलं. त्याने बोट ठेवून अक्षरं वाचली, मान हलवली आणि लावलेल्या पाट्या एकेक करून काढायला लागला.

मुंबईहून पेटी तपासणारा माणूस आला, कुलूप उघडून पाहिलं, सगळं ठीक आहे म्हणाला. मला लेखी ताकीद मिळाली, भैयाचं कार्ड गेलं. त्या कारखान्याचं काम दुसऱ्या कंपनीकडे गेलं. मालक महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले. आई फोनवर म्हणाली, "काहून वं पोरी, त्या म्हाताऱ्याचं नाव कायले लिवलं? तुयं एकटीचं लिवाचं." मी म्हटलं, पेटी त्याने काढली होती. ती म्हणाली, "तेही खरंच म्हना," आणि भाजीचं विचारायला लागली.

भैयाला पुन्हा प्रशिक्षण घेऊन परीक्षा देता आली असती. मी हिंदीत टिपणं काढून दिली, दोन रविवार शिकवलंही. तिसऱ्या रविवारी तो आला नाही. "अब इस उमर में इम्तहान, दीदी? रहन दे." आता तो ऑफिसची साधी गाडी चालवतो. कॅमेऱ्याची गाडी एक तरुण ड्रायव्हर चालवतो. त्याला सगळे नियम पाठ आहेत आणि दोरी बांध म्हणून त्याला दरवेळी सांगावं लागतं.

गेल्या विश्वकर्मा पूजेला मी सुट्टी घेतली नाही. खड्ड्याभोवती दोरी लावून आत खुर्ची टाकून बसले, चावी पर्समध्ये. बाहेर अंगणात आरती झाली. आरतीचं ताट माझ्यापर्यंत कोणी आणलं नाही. थोड्या वेळाने भैया द्रोणात बुंदी घेऊन आला. खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं, खड्डा बंद होता, दोन पावलं आत आला असता तरी मी काही म्हटलं नसतं. तो दोरीपाशी थांबला. खाली पाहून चप्पल अर्धी वीत मागे घेतली आणि हात लांब करून द्रोण पुढे केला. मी खुर्चीवरून उठले आणि जाऊन तो घेतला.